दंतशिक्षणातील निदानविचार : अध्यापनपद्धतींची तुलना

जबड्यातील प्रत्येक वेदना दातातूनच उद्भवते असे नाही. जिना चढताना सुरू होणारी व थांबताच शमणारी वेदना हृच्छूलाची असू शकते. वरच्या अनेक दाढा एकाच वेळी दुखत असतील व वाकल्यावर दुखणे वाढत असेल, तर सायनसच्या शोथाचा विचार करावा लागतो. हा विवेक न झाल्यास निरोगी दात काढला जातो आणि मूळ व्याधी तसाच राहतो. म्हणून निदानाचा विचार विद्यार्थ्यास कसा शिकवावा, हा प्रश्न दंतवैद्यकाइतकाच आपलाही आहे.

पारंपरिक पद्धतीत आधी व्याख्याने व नंतर रुग्णदर्शन असा क्रम असतो. थोड्या अवधीत सुसंगत ज्ञान देण्यास ती सोयीची आहे. तथापि व्याख्यानात व्याधी नावासह येतो. रुग्ण केवळ लक्षणे घेऊन येतो. ही उणीव दूर करण्यासाठी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये वैद्यकीय शिक्षणात समस्याधारित अध्ययन सुरू केले. त्यात लहान गटासमोर प्रथम रुग्णाची समस्या ठेवली जाते आणि आवश्यक ज्ञान विद्यार्थी स्वतः शोधतात. दंतशिक्षणात स्वीडनमधील मालमो येथे १९९० मध्ये, तर हाँगकाँग विद्यापीठात १९९८ मध्ये ही पद्धत आली.

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय शिक्षणाच्या समीक्षांत या पद्धतीचे विद्यार्थी रुग्णविषयक परीक्षांत बरोबरीचे वा काहीसे सरस, तर मूलभूत शास्त्रांत काही ठिकाणी मागे आढळले. त्यापूर्वी १९७८ मध्ये एल्स्टीन व सहकाऱ्यांनी दाखविले होते की, तज्ज्ञ व नवशिके दोघेही आरंभीच संभाव्य निदाने मनात धरतात आणि एका व्याधीतील कौशल्य दुसऱ्यात आपोआप उतरत नाही. यावरून आमचे मत असे की, पक्के शास्त्रज्ञान आणि विविध रुग्णांवरील सराव या दोहोंची जोड हवी.

आयुर्वेदास ही दृष्टी नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या योग्यासूत्रीय अध्यायात आहरणकर्माचा सराव मृत पशूंच्या दातांवरही करण्यास सांगितले आहे. आज दंतमहाविद्यालयात तो कृत्रिम जबड्यावर होतो. हाताची योग्या अशी साधते. बुद्धीच्या योग्येसाठी निदानपंचकाची चौकट व चरकसंहितेच्या विमानस्थानातील तद्विद्यसंभाषा आपल्यापाशी आहेच.

वैद्यबंधुभगिनींना आमची सूचना अशी : आपल्याकडील शिकाऊ वैद्याने रुग्ण पाहिल्यावर संभाव्य निदान, त्यास पोषक एक लक्षण व विसंगत एक लक्षण आधी लिहावे, गुरूने मत त्यानंतर सांगावे. औषधी दुकानदारांनीही लवंगतेल देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : दुखणे श्रमाने वाढते काय? सोबत छातीत दडपण वा घाम आहे काय? उत्तर होकारार्थी आल्यास तेलाची बाटली बाजूला ठेवून रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.