‘दुखतंय’च्या पलीकडे : चुरचुर, ठसठस आणि हुरहुर

माण तालुक्यातल्या एका वस्तीतल्या मावशी तीन वेळा दवाखान्यात जाऊन आल्या. तिन्ही वेळा ‘ओटीपोटात दुखतंय’ एवढंच सांगितलं आणि दुखण्याच्या गोळ्या घेऊन परतल्या. आम्ही घरी गेलो, चहा झाला, मग त्या हळूच म्हणाल्या, “दुखतंय कमीच गं पोरी, लघवीला गेलं की चुरचुरतंया.” हे तिथं का नाही सांगितलं? “मोठ्या डाक्टरापुढं असलं खेडवळ बोलायचं व्हय?”

पुढच्या खेपेला आम्ही सोबत गेलो आणि तो शब्द आहे तसा सांगितला. लघवीची तपासणी झाली, जंतुसंसर्ग निघाला. तीन खेपा आणि तीन दिवसांची मजुरी एका शब्दाच्या लाजेपायी गेली होती.

चुरचुर, ठसठस, मळमळ हे शब्द आपण शाळेत ‘अभ्यस्त शब्द’ या धड्यात दोन मार्कांसाठी शिकलो. कडकडाट, किलबिल ही आवाजाची नक्कल, असं बाईंनी सांगितलं होतं. पण चुरचुरीला आवाज कुठे असतो? खरचटलेल्या कातडीला कान लावून काही ऐकू येत नाही. तरीही शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याला ती जाणीव कळते. मराठीत असे शब्द ढिगाने आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. पू धरलेलं गळू ठसठसतं, दाढ ठणकते, घसा खवखवतो, आंबट-तिखट खाल्लं की छातीत जळजळतं. अंगात बारीक ताप असेल तर कणकण, चढला की माणूस तापाने फणफणतो. साखरेच्या रुग्णाच्या पायाला वारंवार झिणझिण्या येऊ लागल्या तर नसांना इजा होत असल्याची ती खूण असू शकते. ‘पाय दुखतो’ एवढंच सांगितलं तर यातलं काही कळत नाही.

आजाराची कल्पना यायला वेदना किती आहे याबरोबरच ती कशी आहे हेही लागतं. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली कॅनडात वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली केली. तिच्यात वेदनेचं वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. आपल्याकडे मात्र ‘दहापैकी किती दुखतंय?’ असं विचारलं जातं. मार्क कधी न मिळालेली आजी त्यावर काय सांगणार?

या बाबतीत जपानी भाषा आपल्याला जवळची वाटेल. तिथे अशा शब्दांचे प्रकारच पाडलेले आहेत : आवाजाचे वेगळे, हालचालीचे किंवा स्थितीचे वेगळे आणि मनाच्या अवस्थेचे वेगळे. ठणकण्याला ‘झुकीझुकी’, टोचण्याला ‘चिकुचिकु’, धडधडीला ‘दोकीदोकी’. ‘मुकामुका’ म्हणजे मळमळ, आणि रागाने आतून ढवळून येणं यालाही तोच शब्द. आपणही ‘मनातली मळमळ बाहेर काढली’ म्हणतोच की.

११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकू भागात बाहेरगावचे डॉक्टर मदतीला गेले. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलीतले असे शब्द त्यांना उमगेनात. म्हणून जपानच्या राष्ट्रीय भाषा संस्थेने २०१२ मध्ये त्या बोलीतल्या शब्दांची उदाहरणांसह पुस्तिका तयार केली. बोलणाऱ्याने प्रमाण भाषा शिकून यावं, असं कुणी म्हटलं नाही.

हे वाचताना आम्हाला ऑगस्ट २०१९ चा सांगलीचा महापूर आठवला. छावणीत बाहेरून डॉक्टर आले होते. एक आजी सांगत होत्या, “बोटांच्या बेचक्यात चरचरतंय, अंगात कणकण हाय.” अमराठी तरुण डॉक्टरने आमच्याकडे पाहिलं. आम्ही ‘बॉडी पेन’ म्हणून मोकळे झालो. पुराच्या पाण्यात चार दिवस वावरलेल्या माणसाला कणकण असेल तर लेप्टोची शंका घ्यायला हवी. दुसऱ्या दिवशी आजी फणफणल्या, तेव्हा कुठे रक्त तपासलं. ती चूक आमचीच, शिकलेल्यांची.

ही काही मराठीची एकटीची मिरास नाही. जतच्या पूर्वेकडच्या कन्नड बोलणाऱ्या बायकांना चुरचुर वेगळी समजावून सांगावी लागत नाही, कारण कन्नडमध्ये ‘चुरुचुरु’ आहेच. असे शब्द आर्य आणि द्राविड भाषांनी मिळून वापरल्याचं एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ मध्येच दाखवलं होतं.

मनाचे शब्द तर याहून बारीक. दुसऱ्याचं नुकसान पाहून हळहळ, करायचं राहून गेलं त्याची रुखरुख, थोडक्यात हुकलं त्याची चुटपुट, कुणी दूर जाताना हुरहुर, काही करता न येणाऱ्या रागाची चडफड. वस्तीतली बाई ‘मला नैराश्य आलंय’ असं सहसा म्हणत नाही. ती म्हणते, “जिवाची तगमग होतीया, रातीला छातीत धडधडतंय.” ऐकणारा फक्त छाती तपासतो. ईसीजी सरळ आला की ‘काही नाही, घरी जा’.

पालीत ‘वेदना’ म्हणजे केवळ दुखणं नव्हे, तर सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी प्रत्येक जाणीव. आपल्या ‘मला मळमळतंय’ या वाक्याला कर्ताच नाही. व्याकरणात याला भावकर्तृक क्रियापद म्हणतात. कुणी मळमळ करत नाही, ती होते. वेदनेकडे ‘माझी’ न म्हणता पाहायला सांगणाऱ्या धम्माच्या वाचकांना यात गंमत वाटावी.

आता वस्तीतून कुणाला दवाखान्यात पाठवताना आम्ही चिठ्ठीवर रुग्णाचाच शब्द लिहितो, अवतरणचिन्हात. खाली एका ओळीत अर्थ. परवा एका नर्सताईंनी अशी चिठ्ठी वाचून मावशींना विचारलं, “ठसठसतंय की ठणकतंय?” मावशी लाजल्या नाहीत. “ठसठस सरली, आता नुसती खाज,” म्हणाल्या.