न जुळलेला ताळेबंद

दिवाळीत पेढ्यापेढ्यांवर चोपड्यांची पूजा होते. पण जमा आणि नावे या दोन रकान्यांत माणसाचे अवघे आयुष्य बसवता येईल काय? हा प्रश्न मनात आला की मला पॉल गोगँ हा फ्रेंच चित्रकार आठवतो. हा गृहस्थ आधी शेअरबाजारात होता, मग चित्रकार झाला. आणि आयुष्याच्या अखेरीस एका दूरच्या बेटावर वर्तमानपत्राचा लेखक, मुद्रक आणि प्रकाशक, सर्व काही एकटाच झाला!

मी कॉलेजात मराठी शिकवतो. ‘कलावंताचे स्वातंत्र्य’ हा विषय निघाला की वर्गातला एखादा हुशार विद्यार्थी गोगँचे नाव हटकून घेतो. त्याने सॉमरसेट मॉमची ‘द मून अँड सिक्सपेन्स’ ही १९१९ सालची कादंबरी वाचलेली असते. तिच्यातला शेअरदलाल बायकामुलांना टाकून एकाएकी चालता होतो. ती कादंबरी गोगँवरून सुचली हे खरे. पण कादंबरी म्हणजे चरित्र नव्हे. खरी हकिगत अधिक संथ आहे, आणि अधिक अवघडही.

रविवारचा चित्रकार

गोगँ १८४८ साली पॅरिसमध्ये जन्मला. वडील पत्रकार, आजी फ्लोरा त्रिस्तान ही त्या काळची गाजलेली समाजवादी लेखिका. तेव्हा लेखणीचा तिखटपणा घराण्यातच होता म्हणायचा! मूल वर्षाचे असताना कुटुंब पेरूला निघाले आणि वाटेत वडील वारले. पुढे मुलाने काही वर्षे जहाजांवर काढली. आई वारल्यावर पालक झालेल्या आरोसा नावाच्या धनिकाने त्याला १८७२च्या सुमारास एका शेअरदलालाच्या पेढीवर चिकटवून दिले. १८७३ साली मेटे गाद या डॅनिश तरुणीशी लग्न झाले आणि दहा वर्षांत पाच मुले झाली.

धंद्यात त्याने पैसा चांगला मिळवला. रविवारी मात्र तो रंग घेऊन बसे. पिसारो या थोर चित्रकाराने त्याला हाताशी धरले. १८७६ साली सरकारमान्य प्रदर्शनात त्याचे चित्र लागले आणि १८७९ पासून तो इंप्रेशनिस्टांच्या प्रदर्शनांत भाग घेऊ लागला. म्हणजे संसार आणि कला ही दोन्ही खाती दहा वर्षे शेजारी शेजारी चालली होती.

१८८२ साली पॅरिसचा शेअरबाजार कोसळला. पुढच्याच वर्षी गोगँने धंद्याला रामराम ठोकला. त्यागाच्या गोष्टीत मंदीचे हे प्रकरण सांगायचे सहसा राहून जाते! चित्रे विकून घर चालेल हा त्याचा हिशेब साफ चुकला. बिऱ्हाड कोपनहेगनला मेटेच्या माहेरी गेले. तिथे त्याने ताडपत्री विकून पाहिली. ती कोणी घेईना. घर चालवले ते मेटेने, फ्रेंचच्या शिकवण्या करून. १८८५ साली तो एका मुलाला घेऊन पॅरिसला परतला, आणि ज्या शहरात त्याने शेअर विकले तिथेच पोटासाठी भिंतींवर जाहिराती चिकटवण्याची पाळी त्याच्यावर आली.

१८९१ साली चित्रांचा लिलाव करून तो ताहिती बेटावर गेला. तिथल्या रंगांनी त्याच्या कलेला नवे डोळे दिले, यात वाद नाही. पण तिथेच त्याने तेरा-चौदा वर्षांच्या मुली ‘बायको’ म्हणून घरात आणल्या, हेही तितकेच खरे. फ्रेंच वसाहतीत गोऱ्या माणसाला हे सहज शक्य होते. सुटका हवी म्हणून गेलेला माणूस सत्ताधाऱ्यांची सवलत बरोबर घेऊनच गेला होता.

डंख मारणारे ‘स्मित’

१८९७ साली त्याची लाडकी मुलगी आलीन कोपनहेगनमध्ये न्यूमोनियाने गेली. ती अवघी एकोणीस वर्षांची होती. बाप पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. बातमी पोचायला महिने लागले. त्यानंतर मेटेशी पत्रव्यवहारही तुटला. कर्ज आणि आजार यांच्या विळख्यात त्याने पावणेचार मीटर लांबीचे आपले सर्वांत मोठे चित्र रंगवले. आपण कुठून आलो, कोण आहोत, कुठे चाललो, हे प्रश्नच त्याचे शीर्षक आहेत. ते आज बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. ते रंगवल्यानंतर १८९८ साली या चित्रकाराने पापीतेच्या सरकारी बांधकाम खात्यात दिवसाला सहा फ्रँकांवर नकाशे काढण्याची नोकरी धरली!

१८९९ साली त्याने लेखणी उचलली. निमित्त क्षुल्लक होते: आपल्या घरी चोऱ्या होतात आणि सरकारी वकील दखल घेत नाही. आधी ‘ले गेप’, म्हणजे ‘गांधीलमाश्या’, या पत्रात त्याने टीका केली. मग ऑगस्टमध्ये ‘ल सूरीर’, म्हणजे ‘स्मित’, हे स्वतःचेच पत्र काढले. मजकूर स्वतः लिहायचा, चित्रे स्वतः काढायची आणि एडिसनच्या हातयंत्रावर प्रतीही स्वतःच काढायच्या. मथळ्याला त्याचेच लाकडी ठसे. पत्र आधी स्वतःला ‘गंभीर’ म्हणवत होते. पुढे उघडपणे ‘खट्याळ’ म्हणवू लागले. गव्हर्नरापासून कोणाचीच त्यातून सुटका नव्हती. नऊ अंकांनंतर, १९०० च्या एप्रिलात, ते बंद पडले.

तोवर ‘गांधीलमाश्यां’चे संपादकपद त्याच्याकडे आले होते. ते गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कॅथॉलिक पक्षाचे पत्र; तेव्हा पगार घेऊन पक्षाची बाजू मांडणे आलेच. त्याच वर्षी त्याने ताहितीतल्या चिनी लोकांविरुद्ध जाहीर भाषण केले. ते वाचले की मान खाली जाते. पण १९०१ साली मार्केसास बेटांवर गेल्यावर हाच माणूस तिथल्या रहिवाशांची बाजू घेऊन पोलिसांशी भांडला! त्या भांडणात १९०३ साली त्याच्यावर बदनामीचा खटला होऊन दंड आणि कैदेची शिक्षा झाली. ती भोगण्यापूर्वीच, ८ मे रोजी, तो वारला.

शिल्लक

त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंचा पापीतेत लिलाव झाला. बर्फातल्या खेड्याचे एक चित्र उलटे धरून ‘नायगाराचा धबधबा’ म्हणून पुकारले गेले आणि सात फ्रँकांना गेले. त्यानेच ताहितीत रंगवलेले एक चित्र २०१५ च्या सुमारास एकवीस कोटी डॉलरना विकले गेले.

तेव्हा ताळेबंद जुळला, असे विद्यार्थी म्हणतात. मला ते पटत नाही. हिशेबाचा साधा नियम आहे: एका खात्याची जमा दुसऱ्याच्या नावे टाकता येत नाही. चित्रांचे सौंदर्य जगाच्या खाती जमा आहे. ते मी आनंदाने मान्य करतो. पण मेटेच्या शिकवण्या, आलीनचे बापाविना गेलेले दिवस, ताहितीतल्या त्या मुलींचे बालपण, ही खाती निराळी आहेत. ती एकवीस कोटींनी फिटत नाहीत. प्रतिभेचे कौतुक करताना ही खाती उघडीच ठेवावीत, असे मला वाटते.