भाड्याच्या रकान्यात शून्य

पुण्यात भाड्यानं द्यायला पहिलं घर शोधणाऱ्याला एजंट किमतीआधी भाडं सांगतो. वाकडचा वन बीएचके दाखवताना माझ्या मावसबहिणीलाही त्यानं सांगितलं, "अठरा हजार आरामात येतील, ताई." तिनं घरी येऊन वही उघडली आणि भाड्याच्या रकान्यात आधी शून्य लिहिलं. मला ते फार आवडलं.

फ्लॅट साठ लाखांचा. पंधरा लाख तिचे, पंचेचाळीस लाख कर्ज. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे ३९ हजार. भाडं वेळेवर आलं तरी दरमहा २१ हजार पदरचे, शिवाय मेंटेनन्स. भाडेकरू गेला की सगळाच हप्ता अंगावर. असे किती महिने झेपतील? पगार, आईची औषधं, मुलाची फी मांडल्यावर उत्तर आलं: जेमतेम दोन.

तिनं वाकड सोडलं. चिंचवडला जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत ३५ लाखांचा फ्लॅट घेतला. हप्ता साडेसतरा हजारांच्या आत, भाडं अकरा. घर रिकामं राहिलं तरी सहा-सात महिने निभतात. नातेवाइकांना वाकडच बरं वाटत होतं. तिथे भाव वाढतील म्हणत होते. वाढतीलही. पण पहिल्या घराला मी तिचीच कसोटी लावेन, कारण घाईला आलेला मालक मिळेल त्या भाडेकरूला किल्ली देऊन टाकतो.

करार करायला एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज अजून घट्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. लेखी, नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवण्याचा भार मालकावर येतो. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली दुप्पट शुल्काची भरपाई मागता येते.

किल्ली देताना तिनं प्रत्येक नळ सोडून पाहिला, गीझर तापवला, मीटरच्या आकड्याचा फोटो भाडेकरूसमोर काढला. पंखे तीन, बल्ब पाच, बाथरूमच्या दाराची कडी सैल: सगळं कागदावर, दोघांच्या सह्यांनिशी.

पहिल्या पावसात रात्री फोन आला, स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आहे. ती सकाळी प्लंबरला घेऊनच गेली. गळती वरच्या घरातली निघाली. सोसायटीच्या सेक्रेटरीला अर्ज देऊन तिथून ऑफिसला. भाडेकरूशी बोलताना तिचा आवाज चढला नाही. घरापासून वीस मिनिटांवर फ्लॅट घेण्याचा हट्ट तिनं का धरला, ते मला त्या दिवशी कळलं.

आता एजंट दुसरा फ्लॅट सुचवतो आहे. हा भाडेकरू जाऊन डिपॉझिट परत करणं, रंगकाम आणि नवा माणूस शोधणं एकदा पार पडू दे, मग बघू, असं तिनं त्याला सांगितलं आहे.