थंडीतलं डिझेल, भाग ५ : जाळीपर्यंत वीज पोचते का?

मागच्या भागात पिकअपच्या दोन बॅटऱ्या एकमेकींना कशा सांभाळतात आणि कशा बुडवतात ते पाहिलं. या वेळी सेल्फखालोखाल सर्वांत जास्त करंट खाणाऱ्या वस्तूकडे वळू. ती म्हणजे इंजिनात शिरणारी हवा तापवणारा हीटर.

उदाहरणाला १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतची डॉज रॅम घेऊ. ५.९ लिटर, सहा सिलिंडर, चोवीस व्हॉल्व्हचं कमिन्स इंजिन असलेली. मिनेसोटा, नॉर्थ डकोटा अशा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत या गाड्या अजूनही राबतात. याच घराण्याची इंजिनं जमशेदपूरला टाटा कमिन्सच्या कारखान्यात बनून टाटाच्या ट्रकांत बसली, त्यामुळे हे इंजिन आपल्या मिस्त्रींना परकं नाही. ‘आधी हीटर दे, मग सेल्फ मार’ हे वाक्यही जुन्या डिझेल अँबॅसिडरवाल्यांच्या तोंडात बसलेलं होतं. पण तो हीटर म्हणजे ग्लो प्लग, दर सिलिंडरच्या छोट्या कप्प्यात शिरलेली एकेक तापणारी दांडी. कमिन्सने या इंजिनाला ग्लो प्लग दिलेच नाहीत. हवा मॅनिफोल्डमध्ये शिरते त्या तोंडावरच धातूच्या पातळ, नागमोडी पट्ट्यांची जाळी बसवली. सगळी हवा तिच्यातूनच जाते.

डिझेलला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवेला साधारण सतराव्या हिश्श्यात दाबतो, त्या दाबाने हवा तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल पेटतं. गारठलेल्या इंजिनात ही उष्णता भोवतालचं थंड लोखंड शोषून घेतं. त्यातच सेल्फ मंद फिरतो, म्हणून दाबलेली हवा रिंगांच्या फटींतून निसटायला सवड मिळते. मग डिझेल न जळताच बाहेर पडतं. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर तो हाच. जाळीचं काम इथे कळतं. हवा आत शिरताना तिला दिलेले वीस अंश दाबाच्या शेवटी चाळिसांहून जास्त होतात, कारण दाबल्यावर तापमान ठरावीक अंशांनी चढत नाही, पटीत चढतं.

पहाट उणे पंधरा सेल्सिअसची आहे. चावी फिरवली, थांबा सांगणारा दिवा लागला, विझला. सेल्फ मारला, इंजिन बराच वेळ फिरलं, मग दोन-तीन सिलिंडरांवर अडखळत पेटलं आणि अंगण धुराने भरलं. गाडीवाला म्हणतो, हीटर जळाला. तो नवा हीटर मागवतो, बसवतो, आणि दुसऱ्या पहाटे तोच धूर.

माझं स्पष्ट मत आहे की जाळी ही शेवटी संशय घ्यायची वस्तू आहे. पट्ट्यांच्या त्या तुकड्यात बिघडण्यासारखं फार थोडं असतं. बिघाड बहुतेक वेळा बॅटरीपासून जाळीपर्यंतच्या वाटेत असतो. का, ते एका हिशोबातून पटेल.

या हीटरला दोन पट्ट्या, आणि प्रत्येकीला सुमारे ९५ अँपिअर. दोन्ही मिळून १९०. घरातला दोन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर नऊ अँपिअरसुद्धा घेत नाही. तेवढीच उष्णता अकरा-बारा व्होल्टवर काढायची म्हणून एवढा करंट लागतो. आता वाटेतल्या एका थिंबलवर गंज चढला आणि तिथे फक्त ०.०१ ओहमचा अडथळा तयार झाला असं धरा. ९५ अँपिअर वाहताना त्या एका सांध्यावर जवळपास एक व्होल्ट खर्च होतो आणि सुमारे ९० वॉटची उष्णता निर्माण होते. नव्वद वॉट म्हणजे आपल्या वायरमनच्या हातातल्या साध्या सोल्डरिंग आयर्नसारख्या तीन आयर्नांची उष्णता, एका नटाखाली! सांधा तापतो, तापल्याने आणखी गंजतो, अडथळा वाढतो. हेडलाइटला जो सांधा वर्षानुवर्षं पुरला असता, तो इथे एका हिवाळ्यात काळा पडतो.

म्हणूनच ओहमवर मीटर लावून जाळी तपासण्यात अर्थ नाही. चांगल्या पट्टीचा अडथळाच ०.१२ ओहमच्या आसपास असतो, आणि साध्या मीटरच्या दोन तारांचाच अडथळा त्याहून जास्त भरू शकतो. मीटर शून्याजवळ दाखवतो, माणूस ‘शॉर्ट आहे’ म्हणून जाळी काढून ठेवतो. तुटलेली पट्टी मीटरवर कळेल, कमजोर सांधा कळणार नाही. तो पकडायचा तर करंट वाहत असतानाच मोजायला हवं.

पण मीटर काढण्याआधी डॅशबोर्डकडे पाहा. थंड इंजिनावर चावी फिरवली की थांबा सांगणाऱ्या दिव्याबरोबर व्होल्टमीटरचा काटा खाली झुकायला हवा आणि छतातला दिवा मंदावायला हवा. दिवा लागतो पण काटा हलत नाही, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने हुकूम दिला आहे, करंट मात्र गेलेला नाही. सेल्फ फिरत असताना हीटर बंद राहतो. इंजिन पेटल्यावर तो थांबून थांबून पुन्हा चालू होतो, त्यामुळे काटा वरखाली होत राहतो आणि हेडलाइट लुकलुकतात. हे दुखणं नव्हे, हीटर काम करत असल्याची ती खूण आहे. हे न कळल्यामुळे धडधाकट आल्टरनेटर बदलले गेले आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण पैसे जातात आणि खरा बिघाड असेल तर तो तसाच राहतो.

दिवाच लागला नाही तर सेन्सरकडे वळायचं. हीटर चालवायचा की नाही हे संगणक मॅनिफोल्डमधल्या हवेच्या तापमानावरून ठरवतो. साधारण एकोणीस अंशांच्या वर तो हीटर लावतच नाही. सेन्सरने थंडगार पहाटेला चाळीस अंश सांगितले, तर संगणकाच्या दृष्टीने उन्हाळाच असतो. याची परीक्षा सोपी आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी स्कॅनरवर पाण्याचं आणि मॅनिफोल्डच्या हवेचं तापमान वाचा. दोन्ही जवळजवळ सारखी असायला हवीत. ब्लॉक हीटर रात्रभर जोडलेला असेल तर ही परीक्षा बाद.

आता रिले. बॅटरीजवळ दोन जाडजूड रिले असतात, एकेका पट्टीसाठी एकेक. ‘टक्’ आवाज आला म्हणजे रिले चांगला, ही समजूत सोडून द्या. आवाज आतली पट्टी हलल्याचा असतो. कॉन्टॅक्ट जळलेले असले तरी तो येतोच. मीटर व्होल्टवर ठेवा, रिलेच्या दोन जाड बोल्टांवर टोकं धरा, आणि कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. हीटर चालू झाल्यावर आकडा शून्याजवळ, जास्तीत जास्त दोन-तीन दशांश व्होल्ट हवा. बारा व्होल्ट दिसले तर कॉन्टॅक्ट जुळतच नाहीत. एक-दीड व्होल्ट दिसला तर ते जुळतात, पण जळके आहेत. हीच रीत पुढे न्या : बॅटरीच्या बोल्टापासून रिलेपर्यंत, रिलेपासून जाळीच्या बोल्टापर्यंत, आणि जाळीच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत. हा शेवटचा, अर्थचा टप्पा हमखास विसरला जातो. ज्या टप्प्यावर व्होल्ट गळतात तिथे सँडपेपर आणि पान्हा घेऊन बसायचं.

वाटेतली फ्यूजिबल लिंकही फसवते. वरचं आवरण शाबूत, आत तांबं वितळलेलं. दोन्ही हातांनी हलकेच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर ती गेली.

क्लँप मीटर असेल तर काम आणखी झटपट होतं, पण तो डीसी मोजणारा हवा. घरगुती वायरिंगसाठी घेतलेले बरेचसे क्लँप फक्त एसी मोजतात आणि इथे शून्य दाखवतात. प्रत्येक तारेत नव्वदीच्या आसपास आकडा दिसला की हीटरचा विषय संपला. मग धुराचं कारण इंजेक्टर, कॉम्प्रेशन किंवा डिझेलमध्ये शोधायचं.

उलटा बिघाड जास्त धोक्याचा. रिलेचे कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटतात आणि चावी काढल्यावरही जाळी तापत राहते. चावी बंद असताना जाळीच्या बोल्टावर बारा व्होल्ट दिसले, तर तिथल्या तिथे दोन्ही बॅटऱ्यांच्या ऋण टोकांच्या केबल काढा. हीटरच्या रिलेमध्ये शॉर्ट होऊन आग लागण्याच्या भीतीने २०२१ मध्ये ६.७ लिटर कमिन्स असलेल्या रॅमच्या सव्वा लाखाहून जास्त गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या घरापासून दूर, उघड्यावर उभ्या करायला सांगितलं गेलं.

२००७ पासूनच्या या ६.७ लिटर इंजिनांना आणखी एक खास दुखणं आहे. जाळीला वीज देणारा बोल्ट मॅनिफोल्डच्या आत नटाने जोडलेला असतो. तो सांधा वर सांगितलेल्या हिशोबानेच जळत जातो. नट किंवा बोल्टाचं टोक झिजून सुटलं, तर ते हवेबरोबर थेट सिलिंडरात जातं आणि इंजिन उघडावं लागतं. बाहेरून बोल्ट हाताने हलवून पाहा. सैल लागला, नुसता फिरला, तर गाडी चालू करू नका, वरचं झाकण काढून आत पाहा. या भीतीने अनेक जण जाळीच काढून टाकतात. गरम प्रदेशात ते एक वेळ निभेल, पण उणे पंधरातल्या माणसाला मी ते कधीच सुचवणार नाही. तो सांधा पक्क्या बनावटीचा बसवून घ्यावा.

आणि वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेवावी अशी गोष्ट : गाडी सेल्फला येत नाही म्हणून हवेच्या तोंडात ईथरचा फवारा मारू नका. आत लालबुंद जाळी असू शकते. ईथर मॅनिफोल्डमध्येच स्फोटासारखं पेटतं, आणि फवारा मारणारा त्या वेळी उघड्या बॉनेटवर वाकलेला असतो.

पुढच्या आठवड्यात : रात्रभर भिंतीतल्या प्लगला जोडून ठेवायचा ७५० वॉटचा ब्लॉक हीटर.