संगणकातील प्रक्रियांची हजेरी

शालेय संगणक एकाएकी मंदावला म्हणजे पुष्कळदा विजेचे बटण बंद करण्याकडे हात वळतो. तसे केल्याने न साठविलेले काम नष्ट होते व क्वचित साठविलेल्या नोंदीही बिघडतात. वर्गात गोंगाट झाला म्हणून शिक्षक शाळा सोडून देत नाहीत. गोंगाट कोण करतो ते प्रथम पाहतात. येथेही तोच क्रम हितावह होय.

चालू स्थितीतील कार्यक्रमास 'प्रक्रिया' म्हणतात. हजेरीपटावर एकाच नावाची दोन मुले असली तरी त्यांचे क्रमांक भिन्न असतात. त्याचप्रमाणे प्रत्येक प्रक्रियेस स्वतंत्र क्रमांक असतो.

लिनक्स ही प्रणाली 1991 साली लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी निर्माण केली. तिच्या उबुंटू या प्रकारात कंट्रोल, ऑल्ट व टी ह्या कळा एकदम दाबल्या असता आज्ञा लिहिण्याची चौकट उघडते. तेथे रोमन लिपीतील लहान अक्षरांत 'पीएस' लिहून एंटर कळ दाबावी. त्या चौकटीतील आपल्या प्रक्रियांची यादी दिसते. जागा सोडून पुढे 'एयूएक्स' ही अक्षरे जोडल्यास सर्वांची हजेरी मिळते. यादी लांबलचक दिसली तरी घाबरू नये. बहुतेक प्रक्रिया कामाची वाट पाहत निद्रिस्त असतात.

ही यादी त्या क्षणापुरतीच असते. 'टॉप' ही आज्ञा मात्र यादी वरचेवर नवी करते व प्रक्रियकाचा अधिक वेळ घेणारी प्रक्रिया सर्वांत वर दाखविते. क्यू कळ दाबताच ती थांबते. विंडोज प्रणालीत चालू प्रक्रियांची यादी 'टास्कलिस्ट' या आज्ञेने मिळते.

अडलेल्या प्रक्रियेचा क्रमांक लिहून घ्यावा व लिनक्समध्ये 'किल' या शब्दापुढे जागा सोडून तो द्यावा. ही केवळ थांबण्याची सूचना असते. सुव्यवस्थित कार्यक्रम आवराआवर करून थांबतो. तो न जुमानल्यासच मध्ये उणे चिन्हासह 9 हा अंक लिहावा. मग प्रक्रिया तत्काळ संपते व आवराआवरीस अवसर मिळत नाही. म्हणून हा उपाय अखेरचा समजावा.

जी प्रक्रिया कशाची आहे हे ठाऊक नाही, तीस हात लावू नये. आधी ओळख, मग शासन, हा वर्गातील नियम येथेही पाळावा.