झाकण काढलं की कॅबिनेट गार राहतो?

राहुरीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की एक सल्ला हमखास कानी पडतो: "कॅबिनेटचं झाकण काढून ठेवा, मशीन गार राहील." निघालेलं झाकण मग भिंतीला टेकून उभं राहतं, ते दिवाळीपर्यंत तसंच.

या सल्ल्यामागे कॅबिनेट म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, असा समज आहे. तो डबा नाही, हवेची आखलेली वाट आहे. पुढच्या जाळीतून पंखा बाहेरची हवा आत ओढतो. ती हार्ड डिस्क, रॅम आणि प्रोसेसरवरून जाते आणि तापून मागच्या पंख्यातून किंवा वरच्या छिद्रांतून बाहेर पडते. बाजूचं झाकण काढलं की तीच हवा अर्ध्या वाटेवरून निसटते, आणि ज्या भागांना स्वतःचा पंखा नाही ते कोरडेच राहतात.

"पण आमच्याकडे तर फरक पडला!" असंही लोक सांगतात. पडू शकतो. पुढची बाजू काचेनं किंवा सपाट प्लास्टिकनं बंद असेल, तर आत हवा शिरायलाच जागा नसते; मग झाकण काढल्यावर तापमान खरोखर उतरतं. तिथे दोष झाकणाचा नाही, बंद तोंडाचा आहे. उपाय म्हणजे पुढे जाळी असलेला कॅबिनेट.

आणि खोलीच ४० अंशांवर असेल, तर झाकण काढून आतली हवा त्याखाली कशी जाणार? प्रोसेसरला तेवढ्या उन्हाची भीतीही नाही. इंटेलच्या माहितीपत्रकात कोअर आय५-१२४०० ची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस दिली आहे, तर एएमडीने रायझन ५ ७६०० साठी ९५ अंश. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

खरा शत्रू धूळ आहे. नगर-मनमाड रस्त्यावरची, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांमागची, नांगरलेल्या रानातली. पुढच्या जाळीमागे गाळणी असेल तर बरीच धूळ तिथेच अडते. उघड्या बाजूला गाळणी कुठली? ती धूळ प्रोसेसरवरच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांत जाऊन बसते आणि ज्या उष्णतेसाठी झाकण काढलं, तीच वाढवते. पाली आणि उंदरांना आयती वाट मिळते, ती वेगळीच.

आणखी काही गैरसमज:

या डब्यालाच सीपीयू म्हणतात. नाही, सीपीयू ही आतली तळहातात मावणारी चिप. डबा तो कॅबिनेट.

रंगीत दिवे आणि काच म्हणजे वेगवान मशीन. दिव्यांचा वेगाशी काडीचा संबंध नाही.

यूएसबीचं भोक निळं नसेल तर ते संथच. निळा रंग सक्तीचा नाही. शेजारचं 'एसएस' हे चिन्ह पाहावं.

आडवा ठेवला तर बिघडतो. आयबीएमचा १९८१ चा पीसी आडवाच होता. छिद्रं झाकली जाऊ नयेत, एवढंच.

मागचा लाल खटका वेग बदलतो. तो ११५ आणि २३० व्होल्टचा असतो. आपल्याकडे तो ११५ वर सरकवून वीज दिली तर पॉवर सप्लाय जळू शकतो.

खंडेनवमीला संगणकाचीही पूजा होते. त्याआधी मशीन बंद करून, वायर काढून, गाळणी धुऊन पूर्ण वाळवून बसवावी, झाकणाचे स्क्रू आवळावेत आणि झेंडूचा हार जाळीवर लोंबू देऊ नये.