क्रेटॉसला सोसावं लागतं तेव्हा

‘गॉड ऑफ वॉर’ या गेममधला क्रेटॉस २००५ पासून देवांचे मुडदे पाडत आला आहे. २०१०च्या तिसऱ्या भागात तो सूर्यदेव हेलिऑसचं मुंडकं नुसत्या हातांनी उपटतो आणि पुढे त्याचाच कंदील करून अंधारात वाट काढतो. हर्क्युलीसचं तोंड त्याच्याच लोखंडी पंजांनी चेचतो. अशा वेळी पडद्यावर बटणाची खूण उमटते, खेळणारा ते दाबतो आणि समोरच्याची पाळी कायमची संपते. हाच क्रेटॉस हौशी मंडळी ‘फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड’ या २०१७च्या जपानी गेममध्ये स्वतः घडवतात, रिंगमध्ये उतरवतात आणि दोन्ही गडी संगणकाच्या हवाली करून सामना बघत बसतात. रक्तपाताला आणखी एक मैदान मिळालं, असं वरवर वाटेल. मला उलटं दिसतं. इथे क्रेटॉसला समोरच्याची पाळी मानावी लागते.

घडवण्याचं काम जवळून पाहिलं की हे कळतं. राखेसारखी पांढरी कातडी, डाव्या डोळ्यावरून गेलेला तांबडा पट्टा, हे सोपं. कस लागतो तो डावपेच ठरवताना. प्रतिस्पर्धी ताजा असताना, थोडा दमल्यावर आणि पुरता खिळखिळा झाल्यावर कोणता डाव किती टक्के वेळा टाकायचा, हे एकेका चौकटीत भरायचं. सुरुवातीलाच मोठ्या डावाला हात घातला की समोरचा तो उलटवतो. पहिल्याच मिनिटाला मान मोडायला धावणारा क्रेटॉस स्वतःच आपटतो. त्याला हलक्या डावांपासून चढत जावं लागतं. शिवाय शेवटी टक्क्यांत गुण मिळतात ते सामन्याला, एकट्या विजेत्याला नव्हे. व्यावसायिक रेसलिंगमध्ये ज्याला ‘सेलिंग’ म्हणतात, म्हणजे बसलेला फटका अंगानं पटवून देणं, ते या कलेचं अर्धं अंग आहे, आणि क्रेटॉसला त्याची कधी गरजच पडली नव्हती.

कोणी म्हणेल, ही तर लुटूपुटूची लढाई. खरं आहे, पण मूळ गेममध्ये तरी कोण मरतं? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: क्रेटॉसच्या अंगावर आहे ती त्यानं स्वतःच्या हातांनी मारलेल्या बायको-मुलीची राख, आणि तिचा असा पोशाख करणं हा त्या दुःखाचा अपमान आहे. गोल्फच्या गेममध्ये त्याला पाहुणा म्हणून आणलं तेव्हा हा आक्षेप मला पूर्ण पटतो. तिथे ती राख निव्वळ रंग उरते. रेसलिंगचं तसं नाही. ‘फायर प्रो’च्याच १९९४च्या एका भागात गोइची सुदा यांनी विजेत्या नायकाची कथा त्याच्या आत्महत्येपाशी संपवली होती, दुःख या मालिकेला परकं नाही. सोसण्याला इथे चौकटीच आहेत. मान, हात, कंबर, पाय यांची ताकद वेगवेगळी ठरवता येते, आणि देवच तो म्हणून सगळं कमाल ठेवलं की क्रेटॉस कंटाळवाणा होतो. मी हात कमकुवत ठेवण्याच्या बाजूचा आहे. तलवारींच्या साखळ्या याच हातांना जळत चिकटल्या होत्या, आणि २०१८च्या भागात तो ते व्रण पट्ट्यांखाली लपवतो. रिंगमध्ये तलवारी नाहीत. समोरच्यानं दंड पिरगळला की दोर हाताशी येईपर्यंत त्याला कळ सोसावीच लागते.